मुंग्यांचा अभिप्राय

डॉक्टरांनी दीनानाथरावांना एवढंच सांगितलं होतं, की वजन उतरवा आणि चहातली साखर बंद करा. साखरेचा आजार अजून झालेला नाही, पण दारात येऊन उभा आहे, असंही ते म्हणाले.

दुसरा कोणी असता तर घरी जाऊन त्यानं चहातली साखर बंद केली असती. पण दीनानाथराव राहायला भोरला आणि वेल्ह्याला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कुठलीही गोष्ट अशी परस्पर बंद करून टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. (रक्तात जे होतं ते रिपोर्टात आलंच होतं.) एखादी गोष्ट बंद करायची तर तिच्या जागी काय सुरू करायचं ते आधी ठरलं पाहिजे. जागा रिकामी ठेवली की वरून विचारणा होते. शिवाय एकाच माणसाच्या सांगण्यावरून निर्णय घेतला आणि उद्या काही निघालं, तर उत्तर एकट्यालाच द्यावं लागतं. म्हणून त्यांनी सवयीप्रमाणे चार ठिकाणांहून अभिप्राय मागवायचं ठरवलं, आणि इथंच त्यांचं चुकलं.

पहिला अभिप्राय घरातूनच आला. "काहीच घालू नका," त्यांच्या पत्नी सुलूताई म्हणाल्या. "बिनसाखरेचा प्या. आठवड्यात सवय होते."

हा प्रस्ताव इतका सोपा होता, की त्यावर विचार करण्यासारखं काही नव्हतं. दीनानाथरावांनी तो बाजूला ठेवला.

घाई होती ती शुभ्रामुळे. त्यांची ही एकुलती एक लेक नसरापूरला बँकेत होती. त्याच बँकेत भोंगवलीचा स्वरूप नावाचा मुलगा होता. दोघांनी आपसात सगळं ठरवून टाकलं होतं आणि उरलंसुरलं ठरवायला वडीलधाऱ्यांच्या हवाली केलं होतं. मुलगा शांत, घर नावाजलेलं, बागायती शेती आणि घरचं गुऱ्हाळ. बोलणी व्हायची होती आणि ती जमली की साखरपुडा. दीनानाथरावांनी साखरपुड्यासाठी कोट शिवायला टाकला होता. शिंप्यानं पोटाचं माप घेतलं, एकदा दीनानाथरावांकडे पाहिलं आणि पुन्हा माप घेतलं. तो तोंडानं काही बोलला नाही, पण ते पाहणं त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

भोरच्या पेठेतल्या औषधांच्या दुकानदारानं त्यांना एक पांढरी डबी दिली. करंगळीएवढी डबी, वर बटण. बटण दाबलं की 'टिक' असा आवाज होऊन खालून साबुदाण्याएवढी गोळी पडायची, आणि त्या एवढ्याशा गोळीत चमचाभर साखरेची गोडी. दीनानाथराव त्या डबीवर बेहद्द खूश झाले. चेलाडी फाट्यावर एसटी बदलताना टपरीवर चहा घ्यायचा, शर्टाच्या खिशातून डबी काढायची आणि चारचौघांच्या देखत टिक करायचं, यात एक रुबाब होता. कचेरीत तर सगळे माना वळवून बघायचे. रजेच्या अर्जावर सही करताना साहेब जितके गंभीर दिसत, तितके दीनानाथराव गोळी टाकताना दिसू लागले.

कचेरीचा चहा करायचा धनाजी शिपाई. त्यानं दोन दिवस हे पाहून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "भाऊसाहेब, ही गोळी करत्यात कशाची?"

दीनानाथरावांनी चष्मा कपाळावर चढवून डबीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचून दाखवलं. ते नाव एका श्वासात संपणारं नव्हतं.

"नावावरनं तर फवारणीचं वाटतंय," धनाजी म्हणाला.

त्या एका वाक्यानं कचेरीतला प्रत्येक जण या विषयातला जाणकार झाला. एकाच्या मेहुण्याचे म्हणे या गोळ्यांनी केस गेले. आवक-जावक टेबलावरच्या गृहस्थांना असा एक माणूस माहीत होता, की ज्याची स्मरणशक्तीच गेली. फक्त तो माणूस कोण, ते त्यांना आठवत नव्हतं. अशा वातावरणात गोळी टाकायला दीनानाथरावांचा हात कचरू लागला. चहा गार व्हायचा आणि बटणावरचा अंगठा तिथंच थांबून राहायचा.

शेवटी प्रकरण शेजारच्या सुलक्षणावहिनींकडे गेलं. भोरात या वहिनींना न विचारता कोणी पापडाचं पीठही मळत नसे. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "भावजी, माणसांना काय विचारताय? मुंग्यांना विचारा." आणि त्यांनी दोन घरांमधल्या कठड्यावर चिमूटभर साखर, गुळाचा खडा आणि एक गोळी अशा तीन गोष्टी ओळीनं मांडल्या. बागेतून स्टीव्हिया की काय म्हणतात त्या गोड पाल्याचं एक पानही आणून ठेवलं. ते रोप त्यांनी हौसेनं लावलं होतं आणि ते कुणाला तरी उपयोगी पडावं, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

दीनानाथराव रात्री दोनदा बॅटरी घेऊन बघून आले. सकाळी पाहतात तर साखर साफ, गुळाच्या खड्यावर मुंग्याच मुंग्या, आणि गोळी जशीच्या तशी. मुंग्या तिला वळसा घालून जात होत्या.

"बघा," वहिनी म्हणाल्या. "जे मुंगीच्या तोंडाला लागत नाही, ते तुम्ही रोज पोटात घालताय."

"पण त्या पाल्यालाही मुंग्या शिवलेल्या नाहीत," सुलूताई कठड्यापलीकडून म्हणाल्या.

"पाला नैसर्गिक आहे," वहिनींनी निकाल दिला. "मुंग्यांना अजून त्याची ओळख नाही, एवढंच."

नैसर्गिक हा शब्द दीनानाथरावांच्या मनात घर करून बसला. कृत्रिम ते वाईट आणि नैसर्गिक ते चांगलं, अशी सरळ विभागणी झाल्यावर डोकं कसं हलकं झालं. त्यांनी डबी खिशातून काढून कपाटात टाकली. पाल्याचा चहा त्यांनी चार दिवस नेटानं घेतला, पण त्याची गोडी चहा संपल्यावर सुरू व्हायची आणि कचेरी सुटली तरी जिभेवरून उठायची नाही. मग धनाजीनं तोरण्याच्या अंगच्या रानातला मध आणून दिला. "वरिजनल हाय," तो म्हणाला, "माशी चावलेली दाखवू का?" आणि त्यानं सुजलेला कान दाखवला. एवढा पुरावा असल्यावर अविश्वास दाखवणं बरं दिसलं नसतं.

सकाळी कोमट पाण्यात मध, चहात मध, दुपारी भाकरीला मध. मध फार होतो असं सुलूताई म्हणाल्या म्हणून जेवणानंतर गूळ. चारच्या सुमाराला खजूर, कारण तो तर झाडालाच लागतो. पूर्वी साखरेचा डबा उघडताना त्यांचा हात जरा तरी चोरटेपणानं जायचा. आता ते बरणीत चमचा बुडवताना सुलूताईंच्या डोळ्याला डोळा भिडवत असत. नैसर्गिक गोष्टीला वजन नसतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती.

डॉक्टरांच्या वजनकाट्याला मात्र हे ठाऊक नव्हतं. तो पहिल्यापेक्षा पुढं गेला.

"साखर सोडली होती ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"संपूर्ण," दीनानाथराव ताठ मानेनं म्हणाले. "कण नाही."

"मग खाता काय?"

दीनानाथरावांनी अभिमानानं सगळं सांगितलं. खजुरापर्यंत येईतो डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. "अहो, तो मध तोरण्याचा आहे की दुकानातला, हे तुमच्या रक्ताला कळत नाही," ते म्हणाले. "दारात उभा होता तो आजार तुम्ही मध लावून ओट्यावर आणलाय."

त्याच संध्याकाळी शिंप्यानं कोट अंगात घालून पाहायला बोलावलं. वरचं बटण लागलं, मधलं आपल्या काजाशी वाद घालत राहिलं. शिंपी यावेळी मात्र बोलला. "लग्नाच्या जेवणापर्यंत थोडं थांबायचं होतं," तो म्हणाला.

दुखावलेला माणूस प्रतिज्ञा करतो, आणि सरकारी माणूस ती मोठ्यानं करतो. दुसऱ्या दिवशी दीनानाथरावांनी कचेरीत सर्वांसमक्ष जाहीर केलं, की साखरपुडा पार पडेपर्यंत मध, गूळ, साखर, खजूर यांतला एक कणही तोंडात घालणार नाही. गोळी एके गोळी. कपाटातली डबी पुन्हा खिशात आली. साहेबांनी 'छान' म्हटलं. टाळ्या वाजायच्या बेतात होत्या, तेवढ्यात धनाजीनं चहाची किटली खाली ठेवली.

"भाऊसाहेब, ऐतवारी तुमची बोलनी हायेत न्हवं भोंगवलीला? गुऱ्हाळाचं घर हाय त्ये. तितं काय करनार?"

हे दीनानाथरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते घरी आले ते थेट सुलक्षणावहिनींच्या ओट्यावर. वहिनींचं माहेर सारोळ्याचं. भोंगवलीच्या खडानखडा बातम्या त्यांच्याकडं असत.

"बापरे!" वहिनी म्हणाल्या. "मुलाच्या वडलांच्या, मानसिंगरावांच्या, घरी आधी गूळ-पाणी, मग काकवी, मग बोलणं. मागं थोरल्या मुलीसाठी वरव्याचे पाहुणे आले होते. त्यातल्या एकानं म्हणे नुसतं 'गोड नको' म्हटलं, तर मानसिंगराव जे उठून गुऱ्हाळात गेले ते परत आलेच नाहीत. सोयरीक तिथंच संपली. आणि हे बघा, तुमच्या त्या आजाराचं तर चुकूनही बोलू नका. बापाला आहे म्हटलं की लेकीलाही होणार, असं म्हणतात लोक."

रात्री जेवताना शुभ्रानं हळूच विषय काढला. "बाबा, तिथं फक्त एक करा. देतील ते खा. माझ्यासाठी. एकच दिवस."

दीनानाथरावांनी ताटावरून मान वर केली. या पोरीनं शाळेच्या सहलीलाही कधी हट्ट केला नव्हता. प्रतिज्ञा, कचेरी, डॉक्टर, कोट, सगळं एका पारड्यात टाकून पाहिलं, तरी ते हलकंच भरलं. "अगं, एक दिवस काय," ते म्हणाले, "ढेप खाऊन दाखवीन."

रविवारी तिघं भोंगवलीला पोचली. वाटेतच उकळत्या रसाचा वास आला आणि दीनानाथरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. तेवढ्यापुरतं कर्तव्य फार अवघड वाटेना. मानसिंगराव दारात उभे होते. उंचेपुरे, पांढरी टोपी, आवाज गुऱ्हाळाच्या इंजिनाच्या वर चढणारा. ओसरीत बाजेवर त्यांच्या आई, अंबूबाई, पाय खाली सोडून बसल्या होत्या. स्वरूप दाराच्या चौकटीला टेकून एकदा शुभ्राकडं आणि एकदा आपल्या बापाकडं बघत होता.

"या भाऊसाहेब! आदी तोंड ग्वाड करा, मंग बोलू."

गूळ-पाणी आलं. दीनानाथरावांनी खडा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा खाल्ला. मग वाटी भरून काकवी आणि चपाती आली. "आनखी घ्या," मानसिंगराव म्हणाले. दीनानाथरावांनी आणखी घेतली. "लाजू नगा." ते लाजले नाहीत. मानसिंगराव त्यांच्या प्रत्येक घासावर नजर ठेवून होते आणि सुलूताई दीनानाथरावांच्या शर्टाच्या बटणांवर.

घरातली माणसं मात्र काही खात नव्हती. मानसिंगरावांनी आपल्या वाट्याचा खडा हातात घेऊन बोलता बोलता अंगणातल्या कालवडीला चारला. चहा आला तो पाहुण्यांना कपबशीतून आणि घरच्यांना वेगळ्या पेल्यांतून. आपण पाहुणे म्हणून हा मान, असं समजून दीनानाथराव मनातल्या मनात सुखावले.

बोलणी झाली. साखरपुडा भोरला, लग्न भोंगवलीला. मानपानाचं दोन्हीकडून 'काही नको' झालं. आता फक्त अंबूबाईंचा आशीर्वाद घेऊन निघायचं. शुभ्रा पाया पडली, सुलूताई पडल्या. दीनानाथराव पुढं झाले आणि वाकले. वाकणं म्हणजे पोट, काकवी आणि शर्ट यांचा सामना होता. त्यात शर्टाचा खिसा उलटला आणि पांढरी डबी खळकन फरशीवर पडून, टिक असा आवाज करून, गोळी टाकून अंबूबाईंच्या पायाशी जाऊन थांबली.

ओसरीतल्या सगळ्यांच्या माना डबीकडं वळल्या. बाहेर कालवडच काय ती रवंथ करत होती.

"ते... बटण आहे," दीनानाथराव वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले. "कोटाचं." त्यांच्या अंगावर कोट नव्हता.

सुलूताईंनी डोळे मिटून घेतले. शुभ्राचा चेहरा पांढरा पडला. आपण पोरीचं लग्न मोडलं, ते करंगळीएवढ्या डबीनं मोडलं, हे दीनानाथरावांना स्वच्छ दिसलं आणि फरशी दुभंगेल तर बरं असं त्यांना मनापासून वाटलं.

अंबूबाईंनी डबी उचलली. कानाशी नेऊन खुळखुळवली. मग सरावलेल्या अंगठ्यानं बटण दाबून एक गोळी तळहातावर घेतली आणि जिभेवर ठेवली.

"ह्या बऱ्या हायेत," त्या म्हणाल्या. "आमच्या डबीतल्या मागनं कडू लागत्यात. कुटनं आनता?"

"आये!" मानसिंगराव ओरडले.

"आता आये काय आन् बाप काय? परवा संपल्या माज्या. ह्यो शिरवळला लपून जाऊन आनतोय वो. हितं दुकानात मागाया लाजतोय. गुऱ्हाळवाला गोळ्या खातोय म्हनतील म्हनून. सोता बी त्योच च्या पितोय!"

दीनानाथरावांची नजर पेल्यांकडं गेली, मग कालवडीकडं. कालवड त्यांच्यासारखीच गुबगुबीत होती.

मानसिंगरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढा मोठा आवाज एकदम बसला. "भाऊसाहेब, खरं सांगतो. मला हाय, आयेला हाय. तुमी शिकली-सवरली मान्सं. कळलं तर पोरगी देनार न्हाई असं वाटलं. म्हनून तुमाला एवडं खाऊ घातलं, की संशय नगं. वरव्याच्या पाव्हन्यांनी इचारलं हुतं, घरात कुनाला साखर हाय का. काय बोलू? उटून गेलो. थोरलीचं जमत आल्यालं मोडलं माज्या लाजंनं."

बापानं बापाकडं पाहिलं. दीनानाथरावांना त्या माणसाबद्दल एवढी माया वाटली, की ते आपलं हेडक्लार्कचं पद विसरले. "डॉक्टर म्हणतात," ते म्हणाले, "माझा आजार दारात होता, तो ओट्यावर आलाय."

"आमचा माजघरात पाय पसरून बसलाय," मानसिंगराव म्हणाले.

"माजा चुलीपाशी," अंबूबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसला तो स्वरूप. मग शुभ्रा हसली, आणि मग कुणाला कशाचं हसू येतंय तेच कळेना. निघताना दीनानाथरावांनी ती डबी अंबूबाईंच्या ओंजळीत ठेवली. या घरात मानपान नको असं ठरलं होतं, पण ही एक वस्तू घेताना कोणी नाही म्हटलं नाही.

साखरपुडा ठरल्याप्रमाणे भोरला, घरच्या ओट्यावर झाला. दीनानाथरावांच्या कोटाचं मधलं बटण लागलं नाही, म्हणून सुलूताईंनी हारच लांब आणला. स्वरूपच्या घरच्यांनी साखरेचा पुडा शुभ्राच्या हातात दिला, अक्षता पडल्या आणि पुडा फोडून साखर वडीलधाऱ्यांपुढं फिरली. तोंड गोड केल्याशिवाय सोयरीक पुरी होत नाही. मानसिंगरावांनी चिमूट उचलली, ओठांपर्यंत नेली आणि मिशीवरून हात फिरवत ओट्याच्या कडेनं खाली सोडली. दीनानाथरावांनी आपली चिमूट रुमाल झटकता झटकता तिथंच सोडली. अंबूबाईंनी पदराआड काय केलं ते दिसलं नाही, पण त्यांच्याही बसण्याच्या जागेखाली पांढरं दिसत होतं. डॉक्टरांना आमंत्रण होतं. त्यांनी पेढे आवडीनं खाल्ले आणि घरी नेण्यासाठीही मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीनानाथराव ओट्यावर येऊन बसले. कठड्यापलीकडं सुलक्षणावहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. ओट्याच्या कडेनं, वडीलधारे बसले होते तिथून, मुंग्यांची ही लांबलचक रांग निघाली होती आणि प्रत्येकीच्या डोक्यावर साखरेचा दाणा होता. मुंग्यांना ही सोयरीक पूर्णपणे पसंत होती.

सुलूताईंनी चहाचा कप आणून ठेवला. दीनानाथरावांचा हात खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. डबी भोंगवलीला गेली होती, मधाची बरणी डॉक्टरांनी बंद केली होती, आणि पाल्याकडं त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी कप उचलला आणि तसाच, कसलीच गोडी नसलेला चहा घोटभर घेतला. तोंड जरा वाकडं झालं. दुसऱ्या घोटाला ते तितकं झालं नाही.

"काय," सुलूताई म्हणाल्या, "कुणाचा अभिप्राय मागवायचाय?"

दीनानाथरावांनी मुंग्यांकडं पाहिलं. त्यांना मान वर करायला सवड नव्हती.

"नको," ते म्हणाले. "तुझा पहिलाच मंजूर."